टायर वाढले, पण गिअरबॉक्सला कुणी सांगितले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फोर बाय फोर गाड्यांवर जे लिहिले-बोलले जाते, ते बहुतेक चिखल, वाळू आणि खडकांविषयी असते. प्रत्यक्षात अशा गाडीचे आयुष्य डांबरावरच जाते आणि तिथे तिच्याविषयी एकच तक्रार कानावर येते: ‘ऑटोमॅटिक आहे ना, म्हणून ओढत नाही, ॲव्हरेज देत नाही आणि वेगात वळवळते.’ मग इंजिनाची ताकद वाढवणारी चिप बसवली जाते, ॲक्सिलरेटरच्या वायरमध्ये पेडल बॉक्स अडकवला जातो, सायलेन्सर बदलला जातो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! गिअरबॉक्स बहुतेक वेळा निर्दोष असतो. त्याच्या पुढेमागे जे बदलले गेले, त्याचा हिशेब कुणी केलेला नसतो.

हिशेबाची सुरुवात टायरपासून. २४५/७५ आर १६ या मापात २४५ ही मिलिमीटरमधली रुंदी, टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के, आणि रिम १६ इंची, म्हणजे ४०६ मि.मी. भिंत सुमारे १८४ मि.मी. भरते, वरची-खालची धरून एकूण व्यास ७७४ मि.मी. आता हौसेने २८५/७५ आर १६ घातले, तर व्यास ८३४ मि.मी. होतो. फरक ६० मि.मी.चा, पण टक्केवारीत पावणेआठ. मूळ मीटर बिनचूक होते असे धरले, तर काटा १०० वर असताना गाडी १०८ च्या आसपास धावत असते. किलोमीटरही तेवढेच कमी मोजले जातात. त्यामुळे ‘टायर बदलल्यापासून ॲव्हरेज पडले’ म्हणणाऱ्याने आधी मीटरच्या किलोमीटरला १.०८ ने गुणावे आणि मग भागाकार करावा. निम्मे दुखणे कागदावरच बरे होते. छापील व्यास आणि वजनाखाली दबलेल्या टायरचा व्यास यांत थोडा फरक असतो, म्हणून अंतिम पडताळणी जीपीएसवर, सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगात करावी.

उरलेले निम्मे दुखणे खरे आहे. डिफरन्शियलचे, म्हणजे ॲक्सलमधल्या गिअरसंचाचे, गुणोत्तर ३.७३ (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ३.७३ फेऱ्या) असेल, तर या मोठ्या टायरमुळे ते व्यवहारात ३.४६ इतके उरते. टॉप गिअरचे गुणोत्तर ०.७० धरले, तर प्रत्यक्ष ताशी ९० कि.मी. वेगाला इंजिन आधी साधारण १,६१० फेऱ्यांवर फिरायचे, आता १,४९५ वर. आरपीएम, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्या, कमी झाले म्हणजे इंधन वाचले, असे अनेकांना वाटते. पण चाकाला तितकाच जोर द्यायचा तर इंजिनाला जवळजवळ आठ टक्के जास्त टॉर्क (फिरवण्याचा जोर) द्यावा लागतो, तोही टर्बो नीट भरलेला नसेल अशा फेऱ्यांवर. चालक पेडल थोडे जास्त दाबतो आणि तिथून गिअरबॉक्सची ओढाताण सुरू होते.

टॉर्क कन्व्हर्टर हा इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला तेलाचा दुवा. सुटताना तो टॉर्क वाढवून देतो, पण त्यात घसर असते आणि घसर म्हणजे उष्णता. म्हणून एकसारख्या वेगात त्याच्या आतला लॉक-अप क्लच लागतो आणि इंजिन गिअरबॉक्सला थेट जोडले जाते. पेडल जास्त दाबले, की कॉम्प्युटरला वाटते चालकाला जोर हवा आहे. तो लॉक-अप सोडतो. जरा सैल सोडले, की पुन्हा लावतो. सौम्य चढावर हे मिनिटाला चार-पाच वेळा होऊ लागते. ओळखायचे कसे? वेग तोच असताना आरपीएमचा काटा दोन-चारशे फेऱ्यांनी वर जाऊन परत येतो. गिअर बदलताना उडी याहून मोठी असते. लॉक-अप लागतो की नाही याचीही साधी चाचणी आहे. मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागे वाहन नसताना, एकसारख्या वेगात ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेकचे पेडल डाव्या पायाने फक्त दिवा लागेल इतके टेकवावे. बहुतेक गाड्यांत लॉक-अप सुटतो आणि आरपीएम किंचित चढतात. काहीच हलले नाही, तर बहुधा तो मुळात लागलेलाच नव्हता.

यावर खरा उपाय क्राऊन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलमधली दातेरी चाकांची जोडी, बदलण्याचा. ३.७३ ला टायरच्या वाढीने गुणले की ४.०२ येते, मिळणाऱ्या जोड्यांत जवळची ४.१० ची. पुढच्या आणि मागच्या दोन्ही डिफरन्शियलमध्ये एकच गुणोत्तर हवे. फक्त मागचे बदलले, तर फोर व्हील लावताच ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलना जोर वाटणारी पेटी) मोडायला वेळ लागणार नाही. काम खर्चाचे आहे आणि दातांमधली मोकळीक (बॅकलॅश) मोजणारा हात नसेल तर आयुष्यभर हूंऽऽ असा आवाज ऐकावा लागतो. तोवर चढावर आणि भार असताना मॅन्युअल मोडने एक गिअर खाली ठेवणे किंवा ओव्हरड्राइव्ह (सर्वांत वरचा गिअर) बंद करणे हा बिनपैशाचा उपाय पुरतो. खालच्या गिअरमध्ये लॉक-अप लागून राहतो आणि तेल थंड राहते. आणि जिथे सोय असेल तिथे स्कॅन टूलने गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये टायरचे नवे माप भरून घ्यावेच.

पेडल बॉक्स इंजिनाची शक्ती कणभरही वाढवत नाही. पाय अर्धा दाबला असताना कॉम्प्युटरला ‘पाऊण दाबलाय’ असे तो सांगतो, इतकेच. ऑटोमॅटिकमध्ये तीच खोटी बातमी गिअरबॉक्सलाही जाते आणि लॉक-अप आणखी लवकर सुटतो. डिझेल रेलच्या (इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीच्या) सेन्सरला चकवणारी बाहेरून जोडायची चिप याहून वाईट. गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटांवर किती दाब ठेवायचा, हे इंजिनाने कळवलेल्या टॉर्कवरून ठरते. इंजिन प्रत्यक्षात जास्त देते आणि कमी कळवते. दाब अपुरा पडून प्लेटा घसरतात आणि जळतात. दोष मात्र ‘ऑटोमॅटिक’च्या माथी.

आता तेल. ‘आयुष्यभर बदलण्याची गरज नाही’ हे कंपन्यांचे वाक्य वाळूत, पाण्यात, चढावर चालणाऱ्या गाडीसाठी लिहिलेले नाही. ऑटोमॅटिकचे तेल ८० ते १०० अंश सेल्सिअसमध्ये सुखात असते. १२० च्या वर ते झपाट्याने खराब होते, व्हॉल्व्हवर चिकट थर बसतो, रबरी सील कडक होतात. तापमान ओबीडी (गाडीच्या कॉम्प्युटरच्या तपासणीच्या) सॉकेटला लावायच्या साध्या रीडरवर दिसते. पेडल बॉक्सच्या जागी तो घ्यावा. ११० च्या वर टिकून राहू लागले की गिअर खाली घ्यावा, वेग उतरवावा. १२० ओलांडले तर बाजूला थांबून गाडी पार्किंगला लावावी, पण इंजिन बंद करू नये. हजार-बाराशे फेऱ्यांवर पंप तेल कूलरमधून फिरवत राहतो. अशा वेळी चावी काढणे म्हणजे उकळते तेल आत कोंडून ठेवणे.

तेल बदलताना गाडी सपाट जागेवर हवी आणि पहिला नियम असा, की आधी भरण्याचा बोल्ट सुटतो का ते पाहावे, मगच खालचा उघडावा. खालून तेल रिकामे आणि वरचा बोल्ट गंजून बसलेला, ही फजिती कल्पनेपेक्षा जास्त वेळा होते. निघालेले तेल मापाच्या भांड्यात मोजावे आणि तितकेच भरावे. एका वेळी साधारण ४० ते ५० टक्केच निघते, बाकीचे कन्व्हर्टरमध्ये राहते. प्रत्येक वेळी ४५ टक्के निघाले असे धरले, तर तीन फेऱ्यांत ८३ टक्के तेल नवे होते. दोन फेऱ्यांमध्ये काहीशे किलोमीटर गाडी चालवावी. पॅनमधल्या चुंबकावर राखाडी लगदा असणे नेहमीचे. हाताला टोचणारे तुकडे असतील तर तेलाचा नव्हे, उघडून पाहण्याचा विषय आहे. पातळी इंजिन चालू ठेवून, सगळ्या गिअरमधून लिव्हर तीन-चार सेकंद थांबत फिरवून आणि पुस्तिकेत दिलेल्या तापमानालाच पाहायची. डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्समध्ये हे तापमान सहसा ३५ ते ५० अंशांत असते. बोल्ट उघडल्यावर बारीक धार येऊन थेंब थेंब होणे म्हणजे पातळी बरोबर. जास्त भरले तर फिरणारे भाग तेल घुसळून फेस करतात, कमी भरले तर पंप हवा ओढतो, आणि दोन्हीचे लक्षण एकच: गिअर उशिरा लागणे. तेलाचा प्रकार पुस्तिकेत असेल तोच घ्यावा. ‘सगळ्यांना चालते’ असे डब्यावर लिहिले म्हणून भुलू नये. आणि तेल काळे, जळका वास, गिअर आधीच घसरत असतील, तर नुसते तेल बदलून तो गिअरबॉक्स वाचेल अशी आशा धरू नये. याउलट ताशी ४० ते ८० च्या दरम्यान, हलक्या पेडलवर, रस्त्यावरच्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर येत असेल, तर ती पुष्कळदा ताज्या तेलाने जाते.

ओढकाम किंवा लांब चढ नेहमीचे असतील, तर जादा कूलर बसवावा. क्रम असा: गिअरबॉक्समधून रेडिएटरच्या टाकीतला कूलर, तिथून जादा कूलर, तिथून परत गिअरबॉक्स. थंड हवेच्या प्रदेशात मध्ये थर्मोस्टॅट हवा; अति थंड तेलही लॉक-अप लावू देत नाही. पण नवा कूलर घेण्याआधी जुना धुवावा. रेडिएटर, एसीचा कंडेन्सर आणि टर्बोचा इंटरकूलर यांच्या मधल्या फटीत वाळलेला चिखल पुढून दिसत नाही. तो आतून बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने काढावा. एअर फिल्टरचेही तेच. धुळीच्या एका फेरीनंतर तो पाहिलाच पाहिजे.

चिखलावरून आठवले. ताशी ८० ते १०० ला स्टिअरिंग थरथरू लागले, की लोक बॅलन्सिंगला पळतात. आधी रिमच्या आतल्या बाजूला पाइप मारा. मूठभर चिकटलेला चिखल सगळे बॅलन्सिंग फुकट घालवतो. तरीही कंप राहिला आणि तो हातात नव्हे, बसायच्या जागेखाली जाणवत असेल, तर प्रॉपेलर शाफ्टचे (ॲक्सलकडे जोर नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, आणि उंच केलेल्या गाडीत शाफ्टचा कोन तपासावा. पाण्यातून गेलेल्या गाडीच्या क्रॉसला ग्रीस लगेच द्यावे. डिफरन्शियलचे तेल दुधाळ दिसले तर त्याच आठवड्यात बदलावे: डिफरन्शियलचे गरम कवच थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि सीलवाटे पाणी ओढले जाते. ब्रीदरची (कवचातली हवा आत-बाहेर होऊ देणारी) नळी वर बॉनेटपर्यंत नेली की हा प्रश्न मिटतो.

वळवळण्याचे कारण बहुधा कॅस्टर, म्हणजे पुढचे चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकलेला कोन. पुढे सलग ॲक्सल असलेली गाडी दोन इंच उचलली, की ॲक्सल पुढच्या बाजूला फिरतो आणि कॅस्टर साधारण दोन अंशांनी कमी होतो. मग वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही आणि गाडी रस्त्यावर भटकते. कॅस्टर सुधारणारे बुश किंवा आर्म घालूनच अलाइनमेंट करावी, आणि पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला आडवा सरकू न देणारा दांडा) लांबी बदलता येणारा घ्यावा, कारण उंचीमुळे ॲक्सल एका बाजूला सरकलेला असतो. खड्ड्यावरून जाताच स्टिअरिंग हातातून सुटेल असे हलत असेल, तर पॅनहार्डचे बुश, त्याच्या बोल्टचे लांबट झालेले भोक आणि टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचे सांधे) पाहावेत. नवा स्टिअरिंग डॅम्पर हे दुखणे काही महिने झाकतो, बरे करत नाही. पूर्ण भारासाठी निवडलेल्या कडक स्प्रिंगवर रिकामी गाडी उसळत राहते. रोज जितका भार असतो त्याचीच स्प्रिंग आणि तिला साजेसे शॉकअप घ्यावेत. कच्च्या रस्त्यासाठी सोडवलेला अँटिरोल बार (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) डांबरावर येताच जोडावा, उचललेल्या गाडीचे हेडलाइट खाली करावेत.

वाळूत १५-१८ पीएसआयवर आणलेली हवा परत भरल्याशिवाय वेग घेऊ नये. भिंती तापून टायर फुटतो. हवा थंड टायरमध्येच मोजावी. मध्य डिफरन्शियल नसलेल्या पार्ट-टाइम गाडीत कोरड्या डांबरावर फोर व्हील लावून ठेवले, की वळणावर पुढचे-मागचे ॲक्सल एकमेकांशी भांडतात, टायर खरवडतात आणि लिव्हर अडकतो. कोरड्या रस्त्याला टू-हाय (फक्त दोन चाकांना जोर), आणि पुढच्या चाकांचे हब हाताने सोडायचे असतील तर तेही सोडावेत.

छतावरचा कॅरिअर वापर नसताना उतरवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ८० वरून १०० ला गेल्यावर तो दीडपटीहून जास्त होतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती जवळजवळ दुप्पट. दहा मिनिटांचे पान्याचे काम चिपपेक्षा जास्त देऊन जाते.

एक विनंती वृत्तपत्रांना. गाडीच्या परीक्षणात शून्य ते शंभर किती सेकंदांत, हे चौकटीत छापले जाते. त्याच चौकटीत टायरचे माप, डिफरन्शियलचे गुणोत्तर आणि टॉप गिअरला, लॉक-अप लागलेला असताना ९० च्या वेगातले आरपीएम एवढे तीन आकडे द्यावेत. टायरच्या दुकानात जाण्याआधी वाचकाला घरीच पेन्सिल चालवता येईल.

आपला,
एक वाहन तंत्रज्ञ