हेलीच्या आधी सिम्युलेटर

प्रिय सुधीर,

तुझं पत्र वाचलं आणि हसू आवरेना. व्हिडिओत कुणीतरी हेलिकॉप्टर उलटं करून गवताला घासत नेलं, आणि तू लगेच ७०० साइझचं, रिमोटवर उडणारं मॉडेल घ्यायला निघालास! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. मोठं हेली हवेत जास्त स्थिर असतं, हे तुझं म्हणणं खरंच आहे. पण ७०० म्हणजे एकेक पातं सुमारे ७०० मिलिमीटरचं, तेही कार्बन फायबरचं. ते राहू दे, ४५० साइझचाच हिशोब कर: रोटरचा, म्हणजे फिरणाऱ्या पात्यांच्या चक्राचा व्यास साधारण ७० सेंटिमीटर, मिनिटाला अडीच हजार फेरे. पात्याचं टोक ताशी ३०० किलोमीटरच्या वर धावतं. आजूबाजूला माणसं असताना ते सुरूच करायचं नाही.

ड्रोन उडवलाय म्हणून हेही जमेल, असं तू लिहितोस. जीपीएसवाल्या ड्रोनच्या स्टिक सोडल्या की तो जागच्या जागी थांबतो. हेलीला थांबवून धरावं लागतं, सतत. मुख्य रोटर एका दिशेला फिरतो, त्यामुळे धड उलट दिशेला वळू बघतं. त्याला अडवतो शेपटीचा रोटर. पण तो अडवता अडवता अख्ख्या हेलीला बाजूलाही ढकलतो. बहुतेक मॉडेल्सचा रोटर वरून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, म्हणून हॉवरमध्ये, म्हणजे एका जागी तरंगताना, हेली किंचित उजवीकडे कललेलं असतं. तो बिघाड नाही. जागेवर राहायचं तर तेवढा कल लागतोच.

हेली हातात आलं की एक कर. मोटरच्या वायरी काढून ठेव, रिमोट चालू कर आणि स्टिक अगदी सावकाश हलवत स्वॉशप्लेटकडे, म्हणजे रोटरखालच्या, पात्यांचा कोन बदलणाऱ्या तबकडीकडे बघत बस. तीन सर्व्हो (स्टिकप्रमाणे हलणाऱ्या छोट्या मोटरी) तिला धरून असतात. तिन्ही मिळून तिला उचलतात तेव्हा ती सपाट वर जाते आणि सगळ्या पात्यांचा कोन सारखाच वाढतो, हे कलेक्टिव्ह. ती कलली की पातं फेऱ्याच्या एका बाजूला जास्त कोन घेतं, दुसऱ्या बाजूला कमी, हे सायक्लिक. खरी गंमत पुढे आहे. फिरता रोटर जायरोस्कोपसारखा वागतो, त्यामुळे जोर एके ठिकाणी लागतो आणि परिणाम पाव फेरा पुढे दिसतो. हे सगळं गृहीत धरूनच जोडण्या केलेल्या असतात. डिटर श्ल्यूटर या जर्मन अभियंत्याने १९७० च्या सुमारास मॉडेल हेलिकॉप्टर हुकमी उडवून दाखवलं, ते आजची इलेक्ट्रॉनिक्स नसताना, फ्लायबारच्या, म्हणजे रोटरला स्थिर ठेवणाऱ्या आडव्या दांडीच्या भरवशावर. आता तो फ्लायबार जाऊन त्याच्या जागी सेन्सर आलेत.

काय घ्यावं? दोन उलटसुलट रोटरचं कोअ‍ॅक्सिअल घेऊ नकोस. ते इतकं स्वतःच उडतं की तुला काहीच शिकवत नाही. छोटं, फ्लायबारलेस, कलेक्टिव्ह पिचचं घे, घाबरलास की बटण दाबून सरळ करता येईल असं. पण ते बटण घाबरण्यापुरतंच ठेव.

आणि त्याच्याही आधी सिम्युलेटर. चांगला रिमोट घे, संगणकाला जोड आणि तिथे मनसोक्त आपट. मोड, म्हणजे कोणत्या हाताच्या स्टिकला कोणतं काम, ते मात्र आधी ठरव. मोड २ मध्ये थ्रॉटल (मोटरची ताकद) डाव्या हाताला, मोड १ मध्ये उजव्या. चांगला-वाईट असं काही नसतं. जवळचा जाणता पायलट जो वापरतो तो घे, म्हणजे ऐन वेळी रिमोट त्याच्या हातात देता येईल.

सुरुवात शेपूट आपल्याकडे ठेवून. मग आडवं धर, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. नाक तुझ्याकडे वळलं की डोकं गरगरेल, कारण डावं-उजवं उलटं होतं आणि ‘पुढे’ म्हणजे थेट तुझ्या अंगावर. तिथे एक युक्ती चालते: ज्या बाजूला हेली कलतंय, स्टिक त्याच बाजूला ढकल, जणू खालून टेकू देतोयस. हे बोटांत मुरेपर्यंत फ्लिप-बिप काही नाही. उलटं उडवायचं ते यानंतर.

खऱ्या हेलीवर आलास की जमिनीला चिकटून शिकू नकोस. तिथे रोटरने खाली फेकलेली हवाच त्याला डुचमळवते. डोळ्यांच्या उंचीला ने, पायांखाली ट्रेनिंग गिअरच्या काड्या लाव. मोटर बंद करणाऱ्या थ्रॉटल होल्डच्या स्विचवर एक बोट कायम असू दे. पडणारच असं दिसलं की आधी होल्ड. मोटर बंद असली तर पातं मोडेल, पण आतली दातेरी चक्रं वाचण्याची शक्यता असते. धातूत धातू जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लाव, प्लास्टिकला नाही.

बॅटरीबद्दल एवढंच: लायपो (लिथियम पॉलिमर) सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, पण उडवायचं नसेल तेव्हा ३.८ च्या आसपास ठेव. चार्जिंगला लावून बाहेर जाऊ नकोस, आणि फुगलेला पॅक परत वापरायचा नाही, कितीही नवा असला तरी.

रिमोट मागवण्याआधी मोडचं काय ठरलं ते कळव. ७०० ची ऑर्डर दिली नसशील अशी आशा आहे.

तुझा,
अजित