हेरांची जोडी हवी, गारपीट नको

संपादक महोदय,

जुन्या ब्रिटिश हेरमालिकांवर चित्रपट काढणाऱ्यांनी आधी १९९८चा ‘द अ‍ॅव्हेंजर्स’ (मार्व्हलचा नव्हे) पाहावा. राल्फ फाइन्स, उमा थर्मन, हवामान ताब्यात घेणारा खलनायक शॉन कॉनरी. तरी चित्रपट आपटला. कात्री लावून तो दीड तासात कोंबला आणि कथेचा धागाच तुटला. मूळ मालिकेची खरी गंमत स्टीड आणि एमा पील या हेरजोडीच्या गप्पांत होती. भिंतीचा कागद सोलताना एमाला त्याखाली स्टीडचा कामावर बोलावणारा निरोप सापडतो, ही कल्पकता कुठे आणि ती वादळं कुठे! मूळ स्टीड, पॅट्रिक मॅकनी, यांना तर चित्रपटात अदृश्य माणसाचा नुसता आवाज दिला. याची आजही चीड येते.

– एक वाचक