देवाच्या शपथेविना दिलेली साक्ष

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

देवाची भीती गेली म्हणून मुले बिघडली, तेव्हा महापालिका शाळांत रोजची ईश्वरप्रार्थना सक्तीची करा, असे एका वाचकाने लिहिले. त्यावर दुसऱ्यांनी ‘देवभक्तच लाच खाण्यात पुढे असतात’ असे सुनावले आणि आपल्या पत्रस्तंभात धुरळा उडाला. मी स्वतः देव मानणारा माणूस आहे. जांभळी नाक्यावर गेलो की कोपिनेश्वराला हात जोडल्याशिवाय पाय पुढे निघत नाही. तरीही ‘देव नाही तर नीती नाही’ हे पहिल्या पत्रलेखकांचे म्हणणे मला मान्य नाही. त्याचे कारण माझ्या नोकरीत आहे. ठाण्याच्या कोर्टात मी बेंच क्लर्क होतो. साक्षीदारांना शपथ देणे हे माझे रोजचे काम.

सिनेमात गीतेवर हात ठेवून शपथ घेतात. माझ्या टेबलावर गीता कधीच नव्हती, आणि कायद्याला ती लागतही नाही. १९६९ च्या शपथ अधिनियमाने साक्षीदाराला दोन वाटा दिल्या आहेत. देवाच्या नावाने शपथ घ्यावी, नाहीतर देवाचे नाव न घेता गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी. दोन्हींचे वजन सारखे आणि खोटी साक्ष दिली तर शिक्षाही सारखीच, सात वर्षांपर्यंत. बहुतेक लोक देवाची घेतात. त्यात निवड अशी नसतेच म्हणा, क्लर्क म्हणतो आणि साक्षीदार मागून म्हणतो. मग त्याच देवाला स्मरून पोलिसांपुढचा जबाब साफ नाकारणारे, पंचनाम्यावरची सहीच ओळखीची नाही म्हणणारे फितूर साक्षीदार मी किती पाहिले याला गणती नाही. प्रतिज्ञा मागून घेणारे विरळा. त्यातला वागळे इस्टेटमधला एक युनियनवाला उलटतपासात आपल्याच बाजूला नडणारे उत्तर सरळ देऊन मोकळा झाला. दुसऱ्या एकाने प्रतिज्ञा घेतली आणि धडधडीत खोटे बोलला. शपथेच्या मजकुरावरून साक्षीचा अंदाज बांधता येतो, असे माझ्या पाहण्यातल्या एकाही न्यायाधीशाने मानले नाही.

याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे, ती या वादात कोणी काढलेली दिसली नाही. साक्षीदार बारा वर्षांखालचे मूल असेल, शपथ म्हणजे काय हे त्याला उमगत नसेल, पण खरे बोलणे आपले कर्तव्य आहे एवढे कळत असेल, तर शपथ न देता त्याची साक्ष घेता येते. त्याआधी न्यायाधीश त्या मुलाला चार प्रश्न विचारून पाहतात. कळव्याच्या एका चाळीतल्या मारामारीच्या खटल्यात चौथीतली एक मुलगी साक्षीला आली होती. पिंजऱ्याच्या कठड्यावरून तिचे डोळे तेवढे दिसत होते, म्हणून पट्टेवाल्याने तिला साहेबांच्या जवळ आणून उभे केले. शाळा कोणती, बाईंचे नाव काय, झाले. मग साहेबांनी विचारले, “खोटं बोललं तर काय होतं?” या प्रश्नाला मुलांची उत्तरे ठरलेली असतात, ‘बाप्पा शिक्षा करतो’ किंवा ‘आई मारते’. ही मुलगी फ्रॉकचा पट्टा चाळवत थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मग ज्यानं मारलं नाही त्याला पकडतात.” साहेबांनी प्रश्नोत्तरे नोंदवली आणि शपथेविना साक्ष सुरू झाली.

तिच्या घरी देव्हारा होता की नाही, ठाऊक नाही. बहुधा असणारच. पण ‘बाप्पा शिक्षा करतो’ म्हणणारे मूल स्वतःची पाठ वाचवू पाहते आणि या मुलीच्या डोळ्यांपुढे दुसऱ्याचे नुकसान होते. यातले नीतीच्या जास्त जवळ कोणते, ते पहिल्या पत्रलेखकांनीच सांगावे.

जुन्या काळी धर्मामुळे समाज सुरळीत होता, असेही त्यांनी लिहिले आहे. १८९१ सालचे संमतिवयाचे प्रकरण त्यांनी आठवून पाहावे. शरीरसंबंधाला मुलीच्या संमतीचे वय दहाचे बारा करायचे, एवढीच बाब होती. प्रार्थना समाजाचे रानडे कायद्याच्या बाजूने, देव न मानणारे ‘सुधारक’कार आगरकरही त्याच बाजूने. विरोधकांनी धर्म बुडाल्याची हाकाटी केली आणि शास्त्रवचने पुढे केली, तेव्हा संस्कृत पंडित रा. गो. भांडारकरांनी शास्त्रातूनच सुधारणेला आधार काढून दाखवला. म्हणजे शास्त्र दोन्हीकडे सापडत होते. त्यातले कोणते वचन धरायचे आणि कोणते सोडायचे, हे दहा वर्षांच्या पोरीच्या हालांकडे पाहूनच ठरवावे लागले. आस्तिकही वचने निवडतो, आणि निवडताना त्याच्या हातात जी कसोटी असते ती पोथीत लिहिलेली नसते. माझ्या हातातही तीच आहे, हे कबूल करण्यात मला कमीपणा वाटत नाही.

राज्यघटनेची उद्देशिका ईश्वराच्या नावाने सुरू करावी अशी दुरुस्ती ह. वि. कामत यांनी १७ ऑक्टोबर १९४९ रोजी घटना समितीत मांडली होती. ४१ विरुद्ध ६८ मतांनी ती पडली. विरुद्ध मत देणारे ६८ जण काही सगळेच नास्तिक नव्हते. अंतःकरणातली श्रद्धा अशी चर्चेच्या आखाड्यात ओढू नये, असे हृदयनाथ कुंझरूंसारख्यांचे म्हणणे होते.

आता दुसऱ्या बाजूच्या पत्रलेखकांविषयी. नीती ही उत्क्रांतीची देणगी आहे, देवाची गरजच काय, असे त्यांनी दोन ओळींत उरकले आहे. उत्क्रांतीने माया दिली असेल, तर भाऊबंदकीही तिनेच दिली. आपला-परका करण्याची खोड माणसाच्या हाडात आहे, आणि ती मोडायला नुसते तर्कशुद्ध लेख पुरत नाहीत, रोजचा सराव लागतो. गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावाला कीर्तनात उभे करून प्रश्न विचारायचे. कर्ज काढून सण करू नका, देवापुढे कोंबडे-बकरे कापू नका, हे ज्यांनी कुठलेच पुस्तक वाचले नव्हते अशा लोकांना त्यांनी ‘गोपाला गोपाला’च्या गजरात पटवले. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजी उपोषणाला बसले, तेही विठ्ठलावर श्रद्धा होती म्हणूनच. देव मानणाऱ्यांना सरसकट ढोंगी ठरवताना ही माणसे कोणत्या रकान्यात घालायची? डॉ. दाभोलकर हे पथ्य पाळत. स्वतः देव न मानणाऱ्या त्या माणसाने अंधश्रद्धा निर्मूलन समितीला देवाधर्माच्या विरोधात उभे केले नाही, शोषणाच्या विरोधात उभे केले. त्यांचे नाव घेऊन पत्र लिहिणाऱ्यांनी एवढे तरी त्यांच्याकडून घ्यावे.

राहता राहिली सक्तीच्या प्रार्थनेची मागणी. घटनेच्या २८ व्या अनुच्छेदानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेतही मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. तेव्हा महापालिकेच्या शिक्षण विभागाने या मागणीवर वेळ घालवू नये. एखाद्या शिक्षकाला मूल्यशिक्षणाच्या तासाला गाडगेबाबांची किंवा आगरकरांची गोष्ट सांगायची असेल, तर त्याला मात्र कोणी आडवे येऊ नये.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी
नौपाडा, ठाणे (प.)