काकांचं मीटर

चिपळूण, मंगळवार रात्र

प्रिय पम्या,

सहा महिने तुझ्या पत्राला उत्तर नाही. काय शिव्या द्यायच्या त्या देऊन घे, मग पुढचं वाच. इकडे सगळे बरे आहेत, आईचे गुडघे आहेत तसेच. आज लिहायला बसलो त्याचं कारण वेगळं आहे. ते आमच्या घरात कुणाला सांगितलं तर म्हणतील, टायरचं एवढं काय घेऊन बसलास. तुलाच कळेल.

अण्णा गेल्यापासून त्यांची मारुती एटहंड्रेड पडवीत नुसती उभी होती. नक्षी भरपूर होती म्हणून टायर चांगलेच आहेत अशा समजुतीत मी होतो. टायरवाल्याने बॅटरी मारून बाजूच्या बारीक भेगा दाखवल्या आणि कडेचे चार आकडे वाचले, २८१५. म्हणजे २०१५ सालच्या अठ्ठाविसाव्या आठवड्यातलं रबर. तो म्हणाला, यावर आईंना बसवू नका. गाडीचा मूळ साइज १४५/७० आर १२. तो त्याच्याकडे नव्हता, पुण्याहून यायला आठ दिवस लागणार होते. अल्टोचे १४५/८० मात्र होते. रिम तीच बारा इंची, रुंदी तीच, "सगळे हेच घालतात." आईला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं होतं. घाल म्हटलं.

आणि खरं सांगतो, पहिल्या दिवशी मी खूश होतो. ७० म्हणजे टायरची बाजू रुंदीच्या ७० टक्के उंच, तेव्हा साडेएकशेएक मिलिमीटर. ८० ला तीच ११६ होते. गाडी साडेचौदा मिलिमीटर वर आली आणि बोळाच्या तोंडाशी असलेला तो काळा दगड, ज्यावर अण्णांनी आयुष्यभर गाडी वाकडी करून काढली, तो पोटाला लागलाच नाही. आईसुद्धा म्हणाली, चढायला सोपं झालं. (फाटकाच्या खांबावर तू गाडी शिकताना केलेली सही अजून आहे. पुसू दिलेली नाही.)

मग रविवारी ताईकडे गुहागरला गेलो. अण्णांची वही तुला आठवतेच, पेट्रोल, तारीख, किलोमीटर. त्यात आमचं दार ते ताईचं दार कायम ४४. पोचलो तेव्हा मीटरवर साडेएकेचाळीसच्या जरा पुढे. मला वाटलं केबल गेली. परत येताना तेवढेच. रात्री वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. जुन्या चाकाचा व्यास ५०७.८ मिलिमीटर, नव्याचा ५३६.८. म्हणजे चाक एका फेऱ्यात पावणेसहा टक्के जास्त रस्ता कापतं, आणि मीटर बिचारं फेरेच मोजतं. काट्यावर साठ दिसतात तेव्हा मी त्रेसष्टच्या वर असतो.

आणि तिथेच पेन थांबलं. पम्या, नरसोबाची वाडी. २००७ ची दत्तजयंती. आमची आणि तुमची, दोन्ही एटहंड्रेड पाठोपाठ गेल्या, पाठोपाठ आल्या, अण्णांच्या मीटरवर ४१२ आणि काकांच्या ३९०. काका तेव्हा ती गाडी आमच्या दाजींना विकणार होते. मी पंपावर, सगळ्यांच्या देखत म्हणालो की काकांनी मीटरमध्ये काहीतरी केलंय. काका एवढंच म्हणाले, "टायर मोठे घातलेत रे बाळ." ते मी ऐकलं होतं! ऐकूनही वर हसलो होतो. दाजींनी सौदा मोडला. तू तीन महिने बोलला नाहीस आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो की पम्याला खरं बोललेलं सोसत नाही.

परवा ४१२ ला १.०५७ ने भागलं. ३९० ला दोन दशांश कमी. रात्री दोनला मी एकटा ओट्यावर जाऊन बसलो. काका आता नाहीत.

आता या टायरचं काय करायचं, यावर तीन दिवस डोकं चालवतोय. ठेवले तर दगड सुटतो, आईला सोय होते. पण इंजिन ७९६ सीसीचं, जेमतेम सदतीस घोड्यांचं. पोफळीपुढे घाटात गेलो तर अण्णा ज्या वळणाला दुसऱ्यात सहज काढायचे तिथे गाडी धापा टाकायला लागली, पहिला टाकावा लागला. चाक मोठं म्हणजे प्रत्येक गिअर लांब झाला. ब्रेकलाही तेवढाच जास्त जोर. चौघं बसून स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की पुढे डाव्या बाजूला आत घासल्याचा आवाज येतो. स्टेपनी अजून ७० चीच आहे. पंक्चर झालं तर एकाच अ‍ॅक्सलवर दोन उंचीची चाकं, तीही घाटात. आणि वही. अण्णांच्या खाली मी माझे किलोमीटर लिहिणार, ते त्यांच्याहून लांब. प्रत्येक ओळीला गुणाकार करत बसू?

म्हणून ७० चे मागवले, स्टेपनीसकट पाच. पुढच्या बुधवारी येतील. हे परत घ्यायला टायरवाला तयार आहे, थोडं नुकसान होईल, होऊ दे. दगड फोडायला वडार सांगितलाय. अण्णांना हे चाळीस वर्षांत का सुचलं नाही, देव जाणे.

तुझ्या लेकीचं इंजिनिअरिंगचं काय झालं? कऱ्हाडलाच मिळालं तर उत्तम. तुझी शुगर? वहिनींची बदली टळली हे दाजींकडून कळलं, तू कळवायला हवं होतंस.

टायर बदलायच्या आत, याच मोठ्या चाकांवर, या रविवारी कुंभार्ली चढून मी येतोय. वळणावर पहिला टाकेन. वही बरोबर आणतो. काकूंना आधी काही बोलू नकोस, मीच त्यांच्यासमोर बसून सांगेन. तू फक्त घरी राहा.

तुझा,
बाळ्या