सातव्या दिवसानंतर

महोदय,

वसईच्या धर्मग्रामांत (एकेका चर्चच्या परिसरात) कुणी वारलं की पहिल्या दिवशी अंगणात उभं राहायला जागा नसते. सातव्या दिवसाची मिस्सा (चर्चमधली उपासना) झाली की ओटा रिकामा होतो. खरी गरज तिथून सुरू होते. नातलग परततात, डबे यायचे थांबतात, संध्याकाळच्या रोझरीला (जपमाळेच्या प्रार्थनेला) घरात एकच आवाज उरतो.

लघु ख्रिस्ती समूहातल्या, म्हणजे शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबांच्या गटातल्या, दहा-बारा घरांनी पुढचे 40 दिवस वाटून घ्यावेत. आधी फोन करून, एका वेळी दोघांनीच, वीसेक मिनिटं जावं. पाचजण गेले की घरची बाई चहाला लागते आणि बोलायचं राहून जातं. ‘काही लागलं तर सांगा’ म्हटल्यावर कुणी सांगत नाही. त्याऐवजी वीजबिल, रेशन, बँकेतले वारसाचे कागद, यांतलं एक काम उचलावं. आणि ‘देवाची इच्छा’ हे शब्द तर नकोतच. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर ठीक होतं. बिघडलं ते कारणं सांगू लागल्यावर.

अंथरुणाला खिळलेल्यांकडे ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर) नेणाऱ्यांनीही खुर्ची उशाशी ओढून थोडं बसावं. पुढचं घर गाठायची घाई आजाऱ्याला लगेच कळते.

– एक वाचक, वसई