उपचार निवडायला वेळ द्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

तळजाईच्या टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या कंपूतले सर्वांत ज्येष्ठ, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, ते यंदा ७२ वर्षांचे झाले आणि त्याच महिन्यात त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग असल्याचे निदान झाले. मी त्यांच्याहून चौदा वर्षांनी लहान आहे आणि नात्याने त्यांचा कोणी लागत नाही. पण त्यांची मुलगी बेंगळुरूला असते आणि वहिनींना गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत, त्यामुळे दवाखान्याच्या फेऱ्यांत सोबत जाण्याचे काम आपसूकच माझ्याकडे आले. गेल्या चार महिन्यांत जे पाहिले त्यातील एक गोष्ट चारचौघांत मांडण्यासारखी वाटल्याने हे पत्र लिहीत आहे. हा आजार प्रोस्टेट ग्रंथीच्या आत असतानाच सापडला, तर उपचाराचे एकाहून अधिक मार्ग खुले असतात आणि त्यांतला एक निवडायला रुग्णाला बहुतेक वेळा काही आठवडे सहज घेता येतात. नेमके तेच आठवडे आपल्याकडे त्याला कोणी घेऊ देत नाही. रुग्णालय नाही, नातेवाईक नाहीत, आणि भीतीपोटी तो स्वतःही नाही.

नानांना रात्री चार-चार वेळा लघवीला उठावे लागे म्हणून रक्ताची पीएसए तपासणी (प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या एका प्रथिनाची) झाली, ती ८.६, म्हणजे वाढलेली आली. ग्रंथी नुसती वयोमानाने वाढली असली किंवा लघवीत जंतुसंसर्ग असला तरी हा आकडा वाढतो, त्यामुळे काही आठवड्यांनी ती पुन्हा केली, मग एमआरआय आणि शेवटी बायप्सी, म्हणजे ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासणे. बायप्सीचा अहवाल घेऊन आम्ही एका खासगी रुग्णालयात गेलो. डॉक्टर सभ्य होते, निष्णात असणार यातही मला शंका नाही, पण सगळे बोलणे जेमतेम दहा मिनिटांत आटोपले. कर्करोग आहे, ग्रंथीच्या आतच आहे, रोबोटने काढून टाकू, येत्या मंगळवारी ओटी (शस्त्रक्रियागृह) मोकळी आहे, आज आगाऊ रक्कम भरलीत तर तारीख पक्की करतो. नाना प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. त्यांच्या पिढीला डॉक्टरांसमोर मान डोलवायचीच सवय आहे. बाहेर आल्यावर रिक्षात बसता बसता त्यांनी मला विचारले, "प्रोस्टेट म्हणजे नेमके असते कुठे रे?"

मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या मार्गाला वेढून बसलेली ही साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी आहे, हे मी त्यांना त्याच रिक्षात माझ्या मुठीभोवती रुमाल गुंडाळून दाखवले. चार दिवसांनी जी ग्रंथी काढायची होती तिचा ठावठिकाणाही माहीत नसलेल्या माणसाची संमती घेतली गेली होती आणि संमतीचा तो कागद इंग्रजीत होता.

आगाऊ रक्कम आम्ही भरली नाही. घरी आल्यावर दोनशे पानी वही काढली आणि नानांना म्हटले, तुमच्या मनात येईल तो प्रश्न हिच्यात लिहायचा, कितीही बावळट वाटला तरी. पहिला प्रश्न त्यांनी लिहिला तो असा : "पंधरा दिवस थांबलो तर पसरेल का?" हा प्रश्न घेऊन आम्ही दुसऱ्या एका मूत्ररोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी उत्तर देण्याआधी बायप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड आणखी एका पॅथॉलॉजिस्टला दाखवून घ्यायला सांगितले. आपल्या शरीरातून काढलेला तुकडा मेणाच्या छोट्या वडीत जपून ठेवलेला असतो आणि तो मागता येतो, हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळले. ऐन मे महिन्यात मेण विरघळेल या धास्तीने तो डबा थर्मासच्या पिशवीत घालून मी डेक्कन क्वीनने मुंबईला नेला आणि दादरला उतरेपर्यंत मांडीवरून खाली ठेवला नाही.

या फेरीने काय साधले ते थोडे सविस्तर सांगायला हवे. प्रोस्टेटच्या कर्करोगात सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची ठेवण पाहून ग्लीसन गुण देतात. सर्वाधिक आढळणाऱ्या ठेवणीचा आकडा आधी आणि दुसऱ्या क्रमांकाच्या ठेवणीचा नंतर लिहून त्यांची बेरीज करतात. नानांच्या पहिल्या अहवालात ४+३ असे होते. मुंबईच्या तज्ज्ञांनी ते ३+४ ठरवले. बेरीज दोन्हीकडे सातच. शाळेत आपण शिकलो की बेरजेत क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही, पण इथे क्रमच महत्त्वाचा असतो; ३+४ मध्ये सौम्य पेशी अधिक असतात आणि म्हणून पुढचे पर्यायही अधिक मोकळे होतात. पहिल्या पॅथॉलॉजिस्टने चूक केली असे मी म्हणणार नाही, कारण या वाचनात दोन जाणकारांचे मत वेगळे पडू शकते. पण मंगळवारची तारीख घेतली असती तर हे दुसरे मत आम्हाला कधीच मिळाले नसते.

त्यानंतर नानांसमोर तीन वाटा होत्या. पहिली, देखरेखीखाली राहण्याची : ठरावीक काळाने पीएसए, अधूनमधून एमआरआय आणि गरजेनुसार पुन्हा बायप्सी करून लक्ष ठेवायचे आणि रोगाने चाल केली तरच उपचार करायचा. दुसरी शस्त्रक्रियेची. यात आठवडाभर किंवा त्याहून थोडे अधिक दिवस लघवीची नळी राहते, पुढे काही महिने खोकताना-शिंकताना गळती होऊ शकते आणि लैंगिक क्षमतेवर बहुतेकांच्या बाबतीत परिणाम होतो. मात्र काढलेल्या ग्रंथीची पूर्ण तपासणी होते आणि पुढे गरज पडली तर रेडिएशन देता येते. तिसरी वाट रेडिएशनची, ज्याला जुनी माणसे अजून शेक म्हणतात. यात भूल नाही, नळी नाही, पण लघवीची घाई, शौचाच्या जागेचा त्रास आणि थकवा येतो, आणि रेडिएशननंतर रोग उलटला तर ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया फार अवघड होऊन बसते. नानांची काही वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली असल्यामुळे भुलेचा विचारही वेगळा करावा लागणार होता. पहिल्या रुग्णालयातल्या दहा मिनिटांत यांतली एकच वाट उच्चारली गेली होती.

यात कोणाचा अप्रामाणिकपणा असतो असे मला वाटत नाही. ज्याच्या हाताला जी विद्या, तीच त्याला जवळची वाटते. म्हणूनच शस्त्रक्रिया करणारे आणि रेडिएशन देणारे अशा दोघांनाही भेटल्याखेरीज निर्णय घ्यायचा नाही, असे आम्ही ठरवले.

ब्रिटनमध्ये १९९९ ते २००९ या काळात ५० ते ६९ वर्षे वयाच्या १६४३ पुरुषांना या तीन उपचारगटांत चिठ्ठ्या टाकाव्यात तसे विभागून 'प्रोटेक्ट' नावाचा अभ्यास झाला. सुमारे पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यानंतरचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. एवढ्या काळात प्रोस्टेटच्या कर्करोगाने दगावलेले होते ४५, म्हणजे २.७ टक्के, आणि तिन्ही गटांत त्यात लक्षणीय फरक नव्हता. शरीरात इतरत्र रोग पसरण्याचे प्रमाण मात्र देखरेखीच्या गटात ९.४ टक्के होते, तर शस्त्रक्रियेच्या आणि रेडिएशनच्या गटांत पाच टक्क्यांच्या आसपास. दुसऱ्या बाजूला, सहा महिन्यांनी गळतीसाठी पॅड वापरावे लागणारे शस्त्रक्रियेच्या गटात ४६ टक्के होते आणि रेडिएशनच्या गटात ५ टक्के. हे पुरुष ब्रिटिश होते, नानांहून तरुण होते आणि त्यांतल्या बहुतेकांचा आजार सौम्य होता, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे आपल्या माणसाला चिकटवता येत नाहीत. तरीही, थांबून विचार केला म्हणजे काळाशी जुगार खेळला असे होत नाही, एवढे त्यांतून मला समजले. ज्यांचा आजार हाडांपर्यंत गेला आहे, ज्यांना पाठीत असह्य दुखते आहे किंवा पायांतली ताकद जाते आहे, त्यांना हे लागू नाही. त्यांनी एक दिवसही दवडू नये.

आता एका वेगळ्या गोष्टीबद्दल. सोबत जाणाऱ्याने वही धरावी, नोंदी कराव्यात, विसरलेला प्रश्न आठवून द्यावा, हे सगळे ठीक. पण तिसऱ्या भेटीत डॉक्टरांनी "आणखी काही विचारायचे आहे का?" असे म्हटल्यावर नाना "नाही, नाही" म्हणाले आणि चष्मा काढून पुसू लागले. तो चष्मा त्यांनी दोन मिनिटांपूर्वीच पुसला होता. मी फाईलच्या झेरॉक्स काढून आणतो असे सांगून उठलो आणि खाली जाऊन वीस मिनिटे चहा पीत बसलो. वर आलो तेव्हा नाना मोकळे दिसत होते. त्यांनी आत काय विचारले ते मी आजवर विचारलेले नाही. बहात्तराव्या वर्षी माणसाला 'तसले' प्रश्न नसतात असे आपण परस्पर ठरवून टाकतो आणि मुलगी किंवा सून शेजारी बसलेली असताना तो ते विचारणार नाही हे उघड आहे. अशा वेळी नात्याबाहेरच्या मित्राचा उपयोग होतो, आणि कधी कधी तो खोलीबाहेर जाण्यानेच होतो.

दरम्यान बातमी फुटलीच होती. कोणी काढ्याची बाटली आणून दिली, कोणी रोबोटशिवाय करू नका असे बजावले, कोणी आपल्या व्याह्यांचे सहा महिन्यांत कसे आटोपले ते वहिनींसमोर साग्रसंगीत सांगितले. त्या व्याह्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग होता, हे मागाहून कळले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नानांनी रेडिएशन घ्यायचे ठरवले. खरे सांगायचे तर त्यांच्या जागी मी असतो तर देखरेखीचा मार्ग धरला असता. माझे मत त्यांनी एकदा विचारले तेव्हा एकदाच सांगितले. त्यावर ते म्हणाले, "ते आत आहे हे माहीत असताना मला रात्रीची झोप लागणार नाही, आणि दर सहा महिन्यांनी रिपोर्टची वाट बघत बसायचा माझा पिंड नाही." याला कोणताही अभ्यास उत्तर देऊ शकत नाही, मीही दिले नाही. दोन महिन्यांपूर्वी मान डोलावणाऱ्या माणसाने हे वाक्य स्वतःच्या तोंडाने उच्चारले, हे मला उपचाराइतकेच मोलाचे वाटते.

आपल्या दैनिकामार्फत शहरातील रुग्णालयांना माझ्या दोन-तीन विनंत्या आहेत. उपचाराचे पर्याय, त्यांचे धोके आणि उपचार न घेतल्यास काय होईल ही माहिती रुग्णाला संमतीपूर्वी मिळाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्येच स्पष्ट केले आहे. तेव्हा संमतीचा कागद मराठीत असावा आणि तो निदान आठवडाभर आधी घरी न्यायला मिळावा. प्रोस्टेटच्या रुग्णासाठी तिन्ही मार्गांची तुलना करणारे चार पानी मराठी पत्रक छापायला फारसा खर्च येणार नाही. त्यात 'मूत्र असंयम' असे न लिहिता 'लघवी गळणे' असेच लिहावे. आणि बाह्यरुग्ण विभागात अशा रुग्णांसाठी आठवड्यातून एक दुपार राखून ठेवावी, जिथे घड्याळाकडे न पाहता बोलता येईल. वाचकांनाही सांगावेसे वाटते, की वैद्यकीय नोंदींच्या प्रती मागितल्यापासून ७२ तासांत देणे डॉक्टरांवर २००२ च्या नियमावलीने बंधनकारक आहे, तेव्हा त्या मागायला संकोचू नये. आणि घरात सत्तरी ओलांडलेले कोणी असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड आधीच काढून ठेवावे. उत्पन्नाची अट नसलेले उपचारखर्चाचे हे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे सरकारी संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे, मात्र आपले रुग्णालय त्या योजनेत आहे का हे आधी विचारून घ्यावे लागते.

नानांच्या एकूण वीस बैठकी आहेत, सोमवार ते शुक्रवार, त्यांतल्या अकरा झाल्या. किरण देताना मूत्राशय भरलेले असावे लागते, म्हणून सुरुवातीला ते घरूनच मोजून पाणी पिऊन निघत आणि कर्वे रस्त्यावर गाडी अडकली की आम्ही दोघेही गप्प होत असू. पहिल्याच आठवड्यात एकदा ऐन पावसात तसे अडकल्यापासून आम्ही पाऊण तास लवकर निघतो, पाण्याची बाटली तिथे पोहोचल्यावर उघडतो आणि उरलेला वेळ नाना त्या वहीत मागच्या पानांवर शब्दकोडे सोडवत काढतात. उद्याची वेळ साडेअकराची आहे.

आपला,
एक वाचक, सहकारनगर, पुणे