शर्टाची गुंडी आणि नागपूरची गाडी

ता. आर्णी, जि. यवतमाळ

प्रिय मैत्रिणीस,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. मुलीच्या वहीचे जे पान तू सोबत पाठवलेस, ते मी आमच्या लहान्याच्या दुसरीतल्या वहीशेजारी ठेवून पाहिले आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. तीच ओळ सोडून वर चढणारी अक्षरे, शब्दांमध्ये कुठे बोटभर जागा तर कुठे मुळीच नाही, आणि पेन्सिल इतकी दाबलेली की पानाच्या मागून हात फिरवला तरी अक्षर बोटाला लागावे. तुझ्या मुलीला नेमके काय आहे हे मी सांगू शकत नाही, तो माझा अधिकारही नाही. पण 'तोंडी सगळे सांगते, लिहायला बसली की रडते' हे तुझे वाक्य मी घरात चार वर्षे ऐकत आले आहे, म्हणून लहान्याच्या हालचालींच्या अडचणीबद्दल, म्हणजे डिस्प्रॅक्सियाबद्दल, सविस्तर लिहिते.

आधी माझी चूक सांगते. मी अंगणवाडी सेविका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा आमच्या अंगणवाडीत येते, तेव्हा मुलांची यादी मीच काढते आणि कोणाचे बोलणे अडते, कोणाचे वजन भरत नाही हे डॉक्टरांना मीच सांगते. तरी माझ्याच घरातले मूल माझ्या नजरेतून सुटले. तो उंबरठ्याला रोज ठेचाळत असे, गडू उचलला की अर्धे पाणी खाली सांडत असे, आणि आम्ही हे सारे 'वेंधळा आहे' या एका शब्दात गुंडाळून ठेवले. गावातली त्याच्या वयाची पोरे कैंची सायकल मारत शिवारात जाऊ लागली, तेव्हा हा सायकल हाताने ढकलत त्यांच्या मागून चालत असे. एका तान्ह्या पोळ्याला त्याच्या लाकडी बैलाची दोरी त्याच्याच पायात अडकून तो सगळ्या गावासमोर पडला. पुढच्या वर्षी त्याने बैल घराबाहेर काढला नाही, आणि तेव्हाही मला वाटले की पोरगा लाजाळू झाला आहे.

शाळेतून 'आळशी' असा शेरा आला. एका दवाखान्यात 'मोठा झाला की आपोआप येईल' असे ऐकले, दुसऱ्या ठिकाणी ताकदीचे औषध मिळाले. दोन वर्षे अशी गेली. शेवटी शाळेच्या तपासणीला आलेल्या पथकातल्या डॉक्टरबाईंनी त्याला शर्टाच्या गुंड्या लावायला सांगितल्या, घड्याळाकडे पाहिले आणि जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करतात तिथली, चिठ्ठी दिली. तिथे डोळे आणि कान तपासून झाल्यावर नागपूरला, मेडिकलच्या म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या व्यवसायोपचार विभागात पाठवले. व्यवसायोपचार म्हणजे काय हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. धंदा शिकवतात की काय, असे यांनी विचारले होते. रोजची कामे स्वतःची स्वतःला जमावीत म्हणून शिकवतात, तो हा उपचार.

तिथे डिस्प्रॅक्सिया हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला. हातापायांत जोर असतो, बुद्धीही असते, पण एखादी हालचाल कोणत्या क्रमाने आणि किती जोराने करायची याची जुळणी मेंदूत सहज होत नाही. इतर मुले जे पाहून पाहून उचलतात, ते या मुलांना पायरी पायरीने शिकावे लागते. शाळकरी वयाच्या शंभर मुलांत अशी पाच-सहा असतात म्हणे. म्हणजे चाळीसच्या वर्गात दोन, आणि माझ्या हाताखालून गेलेली किती, हे मोजायला माझे मन धजले नाही. अशा मुलांना वाचन-लेखनाची किंवा लक्ष टिकवण्याची अडचण सोबत असण्याचा संभवही बराच, त्यामुळे त्याही तपासण्या सांगितल्या. एक गोष्ट मात्र तिथल्या व्यवसायोपचार करणाऱ्या बाईंनी मला दोनदा विचारली, म्हणून तुलाही विचारते: आधी नीट जमत असलेली एखादी गोष्ट तिला आता जमेनाशी झाली आहे का? तसे असेल तर पत्राचे उत्तर लिहीत बसू नकोस, तिला ताबडतोब डॉक्टरांकडे ने.

माझी अपेक्षा होती की बोटांचे व्यायाम देतील. बाईंनी लहान्यालाच विचारले की तुला काय जमायला हवे आहे. मी मनात 'अक्षर' म्हटले, तो म्हणाला, 'गुंडी.' शाळेत लघवीला गेल्यावर चड्डीची गुंडी लागत नाही म्हणून तो दिवसभर पाणी पीत नसे, हे मला, त्याच्या आईला, त्या दिवशी परक्या बाईंसमोर कळले. मग बाईंनी त्याच्याकडूनच वदवून घेतले: काय करायचे, कसे करायचे, करून पाहा, जमले का ते सांग. ही रीत मुळात कॅनडातल्या व्यवसायोपचारतज्ज्ञांनी बसवली आहे. उत्तर आपण द्यायचे नाही, चुकले तरी हात पुढे करायचा नाही, आणि हेच मला सर्वांत जड गेले. चौथ्या दिवशी त्याने स्वतःच शोधले की काज आधी अंगठ्याने ताणून धरला तर गुंडी निसटत नाही. मग शर्टाची गुंडी त्याने तळापासून वर लावायला घेतली, कारण खालच्या गुंड्या त्याला दिसतात. सायकलचे पायडल यांनी काढून टाकले आणि सीट खाली केली. महिनाभर तो दोन्ही पायांनी जमीन रेटत अंगणात फिरला, मग पायडल परत बसवले. आता फाट्यापर्यंत जातो. वळताना पडतो अजून.

अक्षर मात्र फारसे सुधारले नाही, हे तुला खरे सांगायला हवे. पाय जमिनीला टेकतील असे बसणे, वहीखाली उतरती फळी, जाड पेन्सिल यांनी हात कमी दुखतो, इतकेच.

आता कागदाचे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत आणि त्यांतल्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सिया हा शब्द नावानिशी आहे. 'असे काही नसते' असे कोणी म्हणाले तर तेवढा उतारा छापून पुढे ठेव. दिव्यांग प्रमाणपत्रासाठीची चाचणी मुख्यतः वाचन, लेखन आणि गणिताची असते, त्यामुळे केवळ हालचालींच्या अडचणीवर ते हातात पडेलच असे नाही, आणि बहुतेक सवलतींसाठी 40 टक्के अक्षमता लागते. पण त्यासाठी थांबून राहू नकोस. समग्र शिक्षा अभियानातले विशेष शिक्षक तालुक्याच्या गट साधन केंद्रात असतात. मुख्याध्यापकांमार्फत लेखी अर्ज दे आणि त्याच्या प्रतीवर पोच घे. आमच्याकडे ते महिन्यातून एकदा येतात. कमीच आहे, तरी त्यांच्या सांगण्यावरून गुरुजींनी लहान्याची अर्धी उत्तरे तोंडी घ्यायला सुरुवात केली, हे माझ्या लेखी मोठे काम झाले. दहावीला जादा वेळ किंवा लेखनिक मागायचा झाला तर जुने कागद लागतील, म्हणून पहिल्या चिठ्ठीपासून सगळे एका फाइलीत लावून ठेव.

भाऊजी 'पोरीला वेडी ठरवू नका' म्हणाले, असे तू लिहितेस. हेही पहिल्यांदा तेच म्हणाले होते. त्यांना समजावत बसण्यापेक्षा एकदा सोबत आण. गुंडीची ती गोष्ट ऐकल्यावर आमच्याकडचा वाद तिथेच संपला.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी आमची नागपूरची तारीख आहे. दारव्ह्याहून पहिल्या गाडीने यवतमाळच्या स्टँडवर ये, तिथून बरोबर जाऊ. बाईमाणसाला एसटीत अर्धे तिकीट आणि बारा वर्षांखालच्या मुलालाही अर्धे, त्यामुळे मायलेकरांचे मिळून एकच तिकीट पडते. येताना तिच्या पहिलीपासूनच्या वह्या आण, आणि तिला काय जमायला हवे आहे ते तिला आधी एकटीला विचारून ठेव. भाकरी मी चौघांच्या आणीन.

तुझीच,
लहान्याची आई